मिठाच्या वाऱ्यात निळी गाडी

अराल, १४ ऑक्टोबर

प्रिय अक्मारल,

नुरकेनला जाऊन वर्ष झालं, त्या जेवणाला मंडळींनी दोन गोष्टी ठरवल्या. गाडी त्याच्या भाच्याला, एल्दोसला द्यायची आणि तुझी इंजू माझ्याकडेच राहायची. ठरवताना मला कोणी विचारलं नाही. तुला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. तू चहा ओतत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपलेल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून तू किझिलोर्दाची आगगाडी पकडलीस. फोनवर हे बोलणं व्हायचं नाही. फोनवर तू मला, सासूला, "हो अपा, बरं अपा" म्हणतेस आणि मी तिकडे थंडी किती ते विचारते. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मध्येच रडायला उठू नकोस.

तू पुन्हा लग्न करते आहेस हे मला ठाऊक आहे. तुझ्याकडून नव्हे, माझ्या जाऊबाई बल्शावहिनींकडून. त्यांना स्टेशनवरच्या तिकीटवालीने सांगितलं. माणूस रेल्वेत सिग्नल दुरुस्त करतो, बायको वारलेली, मूलबाळ नाही, दारू पीत नाही. एवढी माहिती मला पुरते. तू सांगायला का घाबरलीस तेही कळतं. बाईने दुसरं घर केलं की पहिल्या घरचं मूल पहिल्या घरीच राहतं, असं आपल्याकडे चालत आलं आहे. म्हणजे लग्नाचं तोंडातून काढलं की लेक गेली. त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर तू नोकरीसाठी शहरात गेलीस तेव्हा, खोली मिळाली की इंजूला नेते, म्हणाली होतीस. खोली मिळून बरेच महिने झाले. तू विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही.

काल गाडी धुवून मेण लावलं. हात कामात असले की मागचं आठवतं. नुरकेनने ही गाडी आणली तेव्हा गल्लीत त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. इथे शहाणा माणूस पांढरी गाडी घेतो. आटलेल्या समुद्राचं मीठ वाऱ्यावर येतं, ते पांढऱ्यावर दिसत नाही. याने गडद निळी आणली, कारण तुला निळी हवी होती. बल्शावहिनी शकुनासाठी ओंजळभर खाऊ आणि नाणी घेऊन धावत आल्या आणि लांडग्याला धोंडा मारावा तशी त्यांनी ती गाडीवर उधळली. समोरच्या पत्र्यावर चांगला दोन बोटं ओरखडा उठला. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. नुरकेन म्हणाला, "रडतेस काय? पोरीचे कान टोचले, आता ती घरची झाली." वहिनींना वाटलं, आपलं कौतुकच चाललं आहे. त्यांनी उरलेली मूठही उधळली.

तो तेलाच्या खाणीवरून पाळी संपवून आला की आधी गाडी धुवायचा, मग स्वतः आंघोळ करायचा. मी ओट्यावरून पाहत असे. गाडी सावलीत घ्यायची. आधी हात न लावता नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे मिठाचे कण वाहून जातात; त्यांच्यावरून फडकं फिरवलं तर ते काचेसारखे ओरखडतात. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. एक बादली साबणाची, एक धुवायचा हातमोजा खळबळायची. हातमोजा मेंढीच्या लोकरीचा, तू शिवलेला. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. कोरडं करताना घासायचं नाही, टिपायचं. मग मेण, "गरिबाने पावावर लोणी लावावं इतकंच." ते धुरकट झालं की मऊ कापडाने काढून टाकायचं. मी त्याला म्हटलं होतं, लहानपणी स्वतःचे कान इतके नीट धुतले असतेस तर मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं नसतं. तो म्हणाला, "मास्तर कुठे, तूच काढलं होतंस." ते खरं होतं. मी शाळेत घरचं-बाहेरचं करत नसे.

एक उन्हाळा त्याने ती चालवली. ऑक्टोबरात खाणीवर त्याचं हृदय बंद पडलं आणि गाडी अंगणात राहिली. घराण्यात थोरले म्हणून बल्शावहिनींचे ओराझबाय भावजी म्हणाले, घोडा असता तर त्याची शेपटी कापून वर्षभर मोकळा सोडला असता, कोणी त्यावर बसलं नसतं. नुरकेनचा घोडा हीच, तेव्हा वर्षभर हिच्यात कोणी बसायचं नाही. मला पटलं. पुढे म्हणाले, धुवायचीही नाही, दुखवट्यातल्या घोड्याला खरारा करत नाहीत. ते मला पटलं नाही. मी म्हटलं, "भावजी, घोड्याला केस परत येतात, पत्र्याला रंग येत नाही. मी आयुष्यभर पोरांना रसायन शिकवलं. मीठ दुखवटा पाळत नाही." ते म्हणाले, "तुझ्याशी बोलून कोण जिंकलंय?" आणि काठी टेकत घरी गेले.

मग मी आणि इंजू धुवायला लागलो. वारा पडला की बादल्या काढायच्या. वरचं छत माझं, दारांचा खालचा भाग आणि चाकं तिची. काम नीट करते, तुझ्यासारखं. बोलते मात्र बापासारखी, थांबत नाही. वसंतात एकदा मेण लावता लावता तिने विचारलं, "बाबांना मेण लावलं होतं का?" मी म्हटलं, "माणसाला धुतात, मेण लावत नाहीत." ती म्हणाली, "पण मातीत पण मीठ आहे ना?" मी म्हटलं, आहे. थोडा वेळ दार पुसत राहिली आणि म्हणाली, "मग ते खराब होतील." मी बादलीचं पाणी बदलायला गेले. पाणी स्वच्छच होतं.

आणखी एक लिहायला हवं. ती मला आई म्हणते आणि तुला अक्मारल म्हणते. आजीजवळ वाढलेली पोरं असंच म्हणतात, गल्लीत कोणाला त्यात नवल नाही. शेजारणींनीच शिकवलं. मी दर वेळी दुरुस्त करते. ती म्हणते, "मग अक्मारलला काय म्हणू?" मी सांगते, आई म्हण. ती मान हलवते आणि दुसऱ्या मिनिटाला ओरडते, "आई, साबण संपला." खोटं लिहीत नाही, कानाला ते वाईट लागत नव्हतं.

जेवणाच्या सकाळी बल्शावहिनींनी, पाहुण्यांना धूळ दिसू नये म्हणून, डोक्यावरचा कोरडा रुमाल सोडून सगळी गाडी खसाखसा पुसली. आदल्या रात्री वारा झाला होता. पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उठल्या. वर्षभर मी जे जपलं ते वहिनींनी मायेने दहा मिनिटांत संपवलं. दारात पाहुणे होते, मी त्यांना आत घ्यायला गेले. इंजू बोलली. "बल्शा आजी, आधी पाणी सोडायचं असतं, तुला एवढंपण येत नाही?" वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ही राबिगाचीच. जीभ बघा."

मांस वाढून झाल्यावर एल्दोस उठला. माझ्या लेकीचा, कुलाशचा मुलगा, नुरकेनचा भाचा. आजोळी भाच्याच्या पहिल्या तीन मागण्या नाकारायच्या नसतात, हे त्याला पाळण्यातच कळलं असावं. म्हणाला, "वर्ष झालं. मामाची गाडी मला द्या." मंडळी हसली. भावजी म्हणाले, "घे. घोडा असता तर आज कापला असता, गाडी काही कापता येत नाही." आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, "सून तरुण आहे, तिला आम्ही अडवणार नाही, सुखाने जावं. पोर मात्र आपल्या हाडाची आहे. ती राबिगाजवळ राहील." सगळ्यांनी दाढीवरून हात फिरवले, म्हणजे निकाल पक्का झाला. तेव्हा तू भावजींना पेला दिलास, काठोकाठ भरलेला. लग्न होऊन आल्यापासून तू या घरात पेला कधी अर्ध्याच्या वर भरला नाहीस. भरला पेला म्हणजे पाहुण्याने उठावं, हे तुला तुझ्या आईने शिकवलं आहे आणि मला माझ्या. मंडळींना वाटलं, बिचारीचा हात थरथरला. मी तुझ्या शेजारी होते. हात थरथरला नव्हता.

तू गेल्यावर मी एल्दोसला बोलावलं. म्हटलं, "भाच्याला नाही म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण लेकीच्या रुखवतातली वस्तू भाचा मागतो का?" तो म्हणाला, "आजी, तुझी लेक एकच, ती माझी आई. तिचं रुखवत केव्हाच आलं, त्यातलं शिवणाचं मशीन अजून अडतं." मी म्हटलं, "दुसरी किझिलोर्दाला असते." त्याने तोंडातला घास थांबवला. मग म्हणाला, "आणि तिथवर चालवत नेणार कोण? तुला तर गिअर टाकता येत नाही." मी म्हटलं, तू. "म्हणजे मागायची मी आणि पोचवायचीही मीच?" मी म्हटलं, "तिथवर मामाची गाडी हातात येते आहे, कुरकुरू नकोस." पोरगा वाईट नाही. जाताना अंगणात गाडीपाशी थांबला, टायरला लाथ मारून हवा पाहिली, आणि मग तिथेच तोंड फिरवून उभा राहिला. मामावर त्याचा जीव होता. मागितली ती गाडी म्हणून नव्हे, हे मला तेव्हा दिसलं.

इंजूसाठी भावजींकडे गेले ते सोपं नव्हतं. म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक पोटभर जेवून गेले, आता काही म्हणायचे नाहीत." म्हणाले, "हाड आमचं आहे." मी म्हटलं, "हाड कुठेही गेलं तरी तेच राहतं. तुमचे दोन मुलगे अल्माटीत आहेत, त्यांची हाडं बदलली का?" मग ते हळूच म्हणाले, "राबिगा, पोर गेली की त्या घरात तू कोणाशी बोलशील?" तेव्हा कळलं की निकाल हाडासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. याचं उत्तर मी तयार करून नेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्याशी भांडायला येत जाईन." ते हसले नाहीत. विचारलं, "सणाला पाठवेल का ती?" मी म्हटलं, "तिच्या आईला विचारा." म्हाताऱ्याने दोन्ही हात उघडून आशीर्वाद दिला. बल्शावहिनी आतून म्हणाल्या, "आणि मी पुसली म्हणून पोरगी रागावली आहे, तिला सांगा, मुद्दाम नव्हतं."

पत्र्यावरच्या रेघांचं वाईट वाटून घेऊ नकोस. शहरात यंत्राने घासून देतात, बऱ्याचशा जातील. तिकडे मीठ कमी आहे, हिवाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मेण पुरेल. तुझ्या माणसाला धुवायची हौस असेल तर धुवू दे, पण आधी पाणी सोडायचं हे इंजू त्याला सांगेल. त्याने ऐकून घ्यावं. ऐकून घेतो की नाही, त्यावरून तुला बरंच कळेल.

गाडी पाठवते आहे एवढं कळवायला पत्र लागलं नसतं. सून घरातून निघाली तर पोर मागे ठेवून निघते. हा नियम मोडायची ताकद माझ्यात नाही आणि भावजींच्यातही नाही. पण लेक निघते तेव्हा तिचं जे आहे ते सगळं तिच्याबरोबर जातं, तिला कोणी अडवत नाही. म्हणून भावजींसमोर, आणि त्यांनी बोलावलेल्या चार म्हाताऱ्यांसमोर, मी तुला लेक केलं आहे. आता या घरात तुला सून कोणी म्हणणार नाही आणि नुरकेनची विधवाही नाही. त्याची आई असून हे मीच लिहिते आहे, त्यावरून समज की पुरता विचार केला आहे. इंजूला काल सांगितलं, तू तुझ्या आईकडे चालली आहेस. तिने विचारलं, "आणि तू कोण?" मी म्हटलं, आजी. तिने तो शब्द एकदा म्हणून पाहिला.

तुझीच आई,
राबिगा

एल्दोसच्या हाती आज सकाळी दिलं: निळी गाडी, धुतलेली, मेण लावलेली, दोन्ही किल्ल्या आणि कागदांसह. अर्धा डबा मेण, लोकरीचा हातमोजा. बल्शावहिनींनी तळलेल्या बोर्साकची, पिठाच्या गोळ्यांची, पिशवी. इंजू, पाच वर्षांची, जेवलेली, अंगावर जाड कोट, लसी सगळ्या झालेल्या. कांदा खात नाही, सक्ती करू नये. खालचा एक दात हलतो आहे. तो मी ओढलेला नाही, तुझ्यासाठी ठेवला आहे.