फाटकावरचा अडकित्ता

सोमवार, दिवेलागण

लिही गं सोनू, आजी बोलते तसंच. शाळेतल्यासारखं शुद्ध करू नकोस.

दुपारी माझ्या धाकट्या जावंच्या, पारूच्या, छातीत कळ आली. रिक्षानं राजारामपुरीतल्या दवाखान्यात गेलतो. आत मंत्री आलेला, म्हणून फाटकावर पोलीस. पिशवी तपासताना माझा अडकित्ता घावला.

"आजी, हे काय?"

"तुझ्या मंत्र्याची मिशी कातरायला आणलाय की!"

कण्हता कण्हता पारू हसली. "आक्का, गप बसा." पोलीस मात्र हसला न्हाय. साहेबाला विचारतो म्हणून त्यानं रिक्षा बाजूला घ्यायला लावली. साहेब येईस्तोवर पारू माझ्या खांद्यावरच गेली.

मग डॉक्टरीणबाई धावत आल्या. "बंदोबस्त असला तरी दारातला पेशंट आधी तपासायचा असतो! मला का न्हाई बोलावलं?"

पोलीस खाली बघत होता. मी पण.

नियम पोलिसांनी मोडला, खरं हाय. पण अडकित्ता मुकाट्यानं दिला असता तर? सांग की सोनू. न्हाय, तू नुसतं लिही.

अडकित्ता त्यानं परत दिला. पारूला दात नव्हते, तिची सुपारी रोज मीच बारीक कातरायची. आत्ता बसल्या बसल्या हात आपोआप चालला. बारीक कातरलेली ती सुपारी तशीच पडलीया.