जमादार शिवला

२ ऑगस्ट १९९७
लाईट सकाळी गेली ती चारला आली. दळणाचे डबे गिरणीच्या दारापासून रस्त्यापर्यंत. बायका बडबडून गेल्या. मी पायरीवर बसून साखरेच्या पुडीचा कागद वाचला. वाचायला शिकले तीच अशा कागदांवर, अजून सवय जात नाही. कुठल्याशा गावात विहिरीत पडलेली म्हैस, आणि पुढचं फाटलेलं. निघाली का नाही, कळायला मार्ग नाही. हे असते तर म्हणाले असते, निघाली म्हण अन् झोप.
जमादार गिरणीच्या उंबऱ्यावर. हे गेल्यापासून त्याची जागा तीच. अंगभर पीठ. करडा का पांढरा, ते पावसात भिजला तरच कळतं. उंदरांसाठी आणलेला बोका, सकाळ-संध्याकाळ गल्लीत फेरी मारून येतो म्हणून यांनी नाव ठेवलं जमादार.

५ ऑगस्ट
घनसावंगीहून निरोप. आक्का पंचमीला येतात. यांची थोरली बहीण. तेराव्यानंतर पहिल्यांदाच.
आक्कांच्या लेकीच्या लग्नात मामा म्हणून मुलीमागं यांनी उभं राहायचं होतं. एसटी रस्त्यात बंद पडली. मुहूर्त थांबला नाही, चुलतभावाला मामा करून उभा केला. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडल्या होत्या. हे मांडवाच्या दारातून फिरले. पाणीसुद्धा घेतलं नाही. नंतर दरसाल आक्कांची राखी पोस्टानं यायची. बांधायचे नाहीत, टाकायचेही नाहीत. गिरणीतल्या खिळ्याला अडकवून द्यायचे.
दहाव्याला कावळा शिवला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी नाही. मी म्हणाले गिरणी चालवीन, जमादाराला सांभाळीन. नाहीच. सगळे आक्कांकडं बघायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
काय रांधावं त्यांच्यासाठी? बसून विचार केला आणि रडू आलं, उगीच.

७ ऑगस्ट
आक्का आल्या. वाळल्यात. चहा झाला न झाला, न्हाणीमागचं गवत उपटायला बसल्या. म्हणाल्या, "उद्या पंचमी, मातीला हात लावता येत न्हाई. आजच मोकळं करते." नको म्हटलं तर ऐकतात थोडंच.
खोकली माजली होती न्हाणीच्या पाण्यावर, खोकल्याच्या औषधाचं तण. हे रोज एक रोप उपटायचे, पाल्याचा रस मधातून घ्यायचे. पीठ छातीत बसलेलं, खोकलीनं काय होणार होतं. पण घ्यायचे. आक्कांनी सगळी उपटली, मुळासकट. हात पदराला पुसले आणि भिंतीला टेकून बसल्या.
तेवढ्यात जमादार आला. हा माझ्याकडंसुद्धा भुकेला असला तरच येतो. सरळ आक्कांकडं गेला. पदर हुंगला, तोंड वासून थांबला. मग गाल घासायला लागला, इकडून, तिकडून. धाडकन पदरावर पडला. पोट वर, मागचे पाय झाडतोय, लाळ गळतेय, डोळे काळेभोर. असं फक्त यांच्याजवळ करायचा. रोज सकाळी धुण्याच्या दगडापाशी.
आक्का आधी घाबरल्या. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "कावळा न्हाई शिवला गं कमल. हा शिवला."
मलाही हुंदका आवरला नाही. भिंतीवरून शेजारची रजियाभाभी ओरडली, "अगे, इसको क्या पिलाई गे?" आमची तोंडं बघितली आणि भिंतीआड गेली.

८ ऑगस्ट, पंचमी
तवा नाही ठेवला. दिंडं उकडली. आक्का रात्री घोरल्या. सकाळी स्वतःच म्हणाल्या, वर्षात पहिल्यांदा झोप लागली. लग्नाचं बोलल्या. थांबायला पाहिजे होतं, पण वरपक्षाची माणसं उठून चालली होती, काय करावं. हे सगळं यांना कधी सांगितलं नव्हतं. आज जमादाराला सांगितलं. तो पाय चाटत बसला होता.
खिळ्यावरच्या राख्या दिसल्या त्यांना. किती वेळ उभ्या होत्या तिथं. पीठ फुंकून एक सोडवली आणि जमादाराच्या गळ्यात बांधली. पुनवेला मी नसेन म्हणाल्या. रजियाभाभी म्हणाली, झालं, आता मामाची जागा पण यालाच द्या. आक्का हसल्या. तेच वाक्य दुसऱ्या कुणी बोललं असतं तर...
राखी संध्याकाळपर्यंत टिकली. मग हौदात.

१० ऑगस्ट
आक्का गेल्या. जीपमध्ये बसताना म्हणाल्या, आता मेले तरी चालेल. मी म्हटलं तुमच्या बापाची जीप आहे का, नीट धरून बसा.
घर मोठं वाटतंय.

२६ ऑगस्ट
मलाच खोकला. दिवसभर पीठ, कधीतरी होणारच. खोकली परत उगवलीय, एक उपटली. पाला खुडला, मूळ दगडावर पडलं. जमादार कुठून आला देव जाणे. त्या मुळावर गाल घासला, पडला, लोळला, लाळ. अगदी पंचमीच्या आदल्या दिवसासारखा.
मी बघत उभी. मग मूळ उचलून विटेला चोळलं. तो विटेवर लोळला. चपलेला चोळलं. चपलेवर लोळला. थोड्या वेळानं उठला, जांभई दिली, मूळ नाकापाशी धरलं तरी ढुंकून बघितलं नाही. गेला फेरीला.
विटेत कोण आलं होतं? चपलेत?
आक्कांच्या पदराला त्या दिवशी मुळांचा रस होता. एवढंच. बाकी काही नाही.
रस घेतला नाही. तसाच वाटीत राहिला.

२७ ऑगस्ट
झोप नाही. आक्कांचं एक, पण माझं काय. रोज सकाळी यांच्या पायात लोळायचा. हे म्हणायचे, अख्ख्या वाटूर गावात एकटा हा मला ओळखून आहे. मी चिडायचे, मग मी कोण? हसायचे. ते प्रेम म्हणजे गवताचं मूळ. लोळायचा तो यांच्या हाताला नाही, हाताला लागलेल्या मुळाच्या वासाला.
जमादाराला दूध दिलं नाही. मग दिलं. त्याचा काय दोष.

३० ऑगस्ट
रजियाभाभीला सांगितलं, कुणाला तरी सांगणं भाग होतं. ती खो खो हसली. म्हणे, आमच्याकडं नवऱ्याला नशा लागते, तुमच्याकडं बोक्याला. मग माझ्याकडं बघून थांबली. आक्कांना सांगू का विचारलं तर म्हणाली नक्को, बुढीला नींद यायला लागली ती कशाला घालवते.
जाता जाता तिनंच दारातून विचारलं, "रस पाल्याचा ना? मंग भाई जड, म्हंजे मूळ, कशाला धुवायचे?"

खरंच की. पाला ओरबाडून वाटीत टाकायचे आणि मग ते मूळ हौदाच्या पाण्यात धुवायचे. माती जाईपर्यंत, अंगठ्यानं चोळून. फेकायचं मूळ कुणी धुतं का? दगडावर ठेवून बाजूला उकिडवे बसायचे, खोकत. जमादार लोळून उठेपर्यंत गिरणी उघडायचे नाहीत. मी आतून ओरडायचे, गिऱ्हाईक थांबलंय.
ठाऊक होतं त्यांना. पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मला सांगितलं नाही. मला चिडवायला मिळावं म्हणून.
आज यांच्यावर फार दिवसांनी रागावले. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर
गिरणी बंद. पट्टा तुटला.
जमादार तरी उंबऱ्यावर. गिरणी उघडायच्या वेळेलाच. तिथं खोकली नाही, दूध नाही, उंदीर पण आत आहेत, बाहेर नाहीत. मग कशाला बसतो? मी त्याच्यासारखी तिथं बसून बघितलं. समोर फाट्याकडून येणारा रस्ता दिसतो, दुसरं काही नाही.

१२ ऑक्टोबर
वर्षश्राद्ध गुरुवारी. आक्कांचा निरोप आला, लेक पण येणार. लग्नापासून ती पोरगी या घरात आलेली नाही. तिला आक्कांनी सांगितलंय, मामानं माफ केलं, जमादार शिवला. पान वर कावळ्याला ठेवू नको म्हणाल्या, वाट बघत बसायचं बळ नाही. जमादारापुढं ठेव.
आणि तो त्या दिवशी आक्कांकडं बघून निघून गेला तर? जाईलच. हात स्वच्छ असतील त्यांचे.
यांनी माफ केलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं असंही नाही, त्यांनी सांगितलं नसतंच. राख्या टाकल्या नाहीत एवढं डोळ्यानं बघितलंय. दर दिवाळीला गिरणी झाडायचे तेव्हा खिळ्यावरून काढून फडक्यात ठेवायचे. झाडून झालं की परत लावायचे, होत्या तशा. हे आक्कांना सांगता येईल. यात काही खोटं नाही. पण त्यांना हे पुरेल का? त्यांना तो शिवायला हवाय.

१६ ऑक्टोबर
पहाटे उठून स्वयंपाक. वडे, खीर, गवारीची भाजी, कढी. यांना कढी पातळ लागायची, पातळ केली.
न्हाणीमागं गेले. पाऊस संपला तशी खोकली वाळलीय. एकच हिरवी होती, हौदाच्या सावलीला. नको नको म्हणत उपटली. पाला ओरबाडला. मग हौदाच्या पाण्यात मूळ धुतलं. अंगठ्यानं चोळून, माती जाईपर्यंत. धुताना लक्षात आलं, मी उकिडवी बसलेय.
मूळ वाटीखाली झाकून ठेवलंय. जमादार वाटीभोवती फिरतोय, मध्येच माझ्याकडं बघतो. खिळ्यावरच्या राख्या पण काढून फडक्यात आणून ठेवल्यात, वाटीशेजारी. दोन्हीतलं काय पुढं करावं, का दोन्ही...
फाट्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. हात पुसायला पाहिजेत, मुळाचा वास आहे, आक्का आल्या आल्या हातात घेतील. का नकोत?