काकूंच्या ओच्यातली अझेलिया

४ मे २००६, गुरुवार
मुग्धाचे आईबाबा, म्हणजे काका-काकू, महिनाभर इथे आहेत. पुण्याला परत जायच्या आधी, येत्या रविवारी मला ‘बघणार’. घरी नको, बागेत, फिरता फिरता.
मु.चा फोन : "तुझं लास्ट सेमिस्टर चालू आहे असं सांगितलंय. तेवढं सांभाळ ना, प्लीज."
ॲथलोनचं कॉलेज मी जानेवारीत सोडलं. डब्लिनला सँडविचच्या दुकानात कांदे चिरतो. मला लाज नाही, हिला का? भांडलो. शेवटी ‘बरं’ म्हणालो. तिच्यापुढे दर वेळी हेच. गाढव.

७ मे, रविवार
बाग नुसती पेटलेली. अझेलिया : गुलाबी, केशरी, भडक लाल, पान म्हणून दिसत नाही. मु. आकाशी कुडत्यात. सारखं बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.
काका : "थीसिसचा विषय काय?"
मी : "चालू आहे."
हे काय उत्तर झालं!
मागे वळतो तर काकू फुलं तोडतायत. उद्याच्या पूजेला. ओचा भरलेला. तेवढ्यात माळी आला, तांबड्या मिशांचा म्हातारा. कुणी तोडली? काकू पांढऱ्याफटक. मी म्हटलं, मी. त्यांना फक्त धरायला दिली. सगळ्यांसमोर झापलं मला. सॉरी म्हटलं तर म्हणे, ‘आय ॲम ग्रँड’, म्हणजे इथल्या भाषेत माझं काही बिघडलं नाही, त्या झाडाला सॉरी म्हण.
तो गेल्यावर काका हळूच : "छान खोटं बोलता हो तुम्ही."
सटकली. म्हटलं, "मग खरं ऐका. थीसिस नाही, सेमिस्टर नाही. कॉलेज सोडलंय. कांदे चिरतो. आणि लग्न मुग्धाशीच करायचंय."
काकू : "अरे, हळू बोल!"
मु. एकटीच गेटकडे चालायला लागली.

८ मे
फोन उचलत नाही. नुसता मेसेज : "बाबांसमोर मला खोटं पाडलंस."
हो, पाडलं. माफीबिफी मागणार नाही. पण तिचा तो चेहरा...

१२ मे, शुक्रवार
काकांचा फोन! दुकानात, हातात सुरी.
"उद्या निघतोय आम्ही. गाडी आहे का तुमच्याकडे?"
"नाही. बॅगा उचलायला येतो."
मग : "अकराला या. मुग्धाला विचारलेलं नाही मी."
मु.ला मेसेज केला, येतोय. लगेच उत्तर : "येऊ नकोस."
साडेदहालाच जाणार.