गृहरक्षणात संगिनीचे स्थान

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. घरात इतिहास घडायला लागला आहे आणि तो लिहून ठेवणारं दुसरं कोणी नाही.

मागच्या रस्त्यावर चोरी. भरदिवसा. डॉक्टरांचा मिक्सर, इस्त्री आणि परसातला पाणी तापवायचा बंब गेला. आम्हाला बातमी दूधवाल्याकडून कळेपर्यंत ती व्हाइटफील्डला पोचली होती. तिथून मुलाचा, श्रीहर्षचा फोन. म्हणाला, अण्णा, आता पुरे. दोघंच त्या घरात राहता, कंपाउंडची भिंत आमची छोटी संहिता दोरीच्या उड्या मारताना ओलांडेल. तुमच्याकडे एकदा जरी चोरी झाली, की घर बिल्डरला द्यायचं आणि दोघांनी आमच्याकडे यायचं. आमच्या गेटवर चोवीस तास सिक्युरिटी आहे.

मी म्हटलं, आपले पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे बेंगळूरला आले ते सिक्युरिटी आहे का विचारून आले नाहीत. तो म्हणाला, अण्णा, मीटिंग आहे.

निश्चय: बसवनगुडी सोडणार नाही. बंदोबस्त मी स्वतः करणार.

४ सप्टेंबर

साधनांचा आढावा. हॉलमध्ये खुंटीवर आजोबांची रायफल आहे. म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेतली. पोलिसांनी फार वर्षांपूर्वी नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केली. तसा कागद फायलीत आहे. म्हणजे गोळी सुटणार नाही. सामान्य माणूस इथेच खचला असता.

पण संगीन! नळीच्या टोकाला बसवायचा तो लांब सुरा. त्यात कोणाला शिसं ओतता येत नाही. शांतपणे विचार केला तर घराच्या रक्षणाला गोळीपेक्षा संगीनच बरी. गोळी चुकते. गोळीला आवाज होतो, शेजारी विचारायला येतात. गोळी संपते. संगीन संपत नाही. सरकारी छापखान्यात प्रुफं तपासण्यात आयुष्य गेलं म्हणून, नाहीतर हा विषय मी यापूर्वीच हाती घेतला असता.

दुपार. संगीन ट्रंकेत नाही. माळ्यावर नाही. शेवटी स्वयंपाकघरात सापडली. तुंगाबाई तिने नारळ सोलते. म्हणे लग्न होऊन आल्यापासून. मी म्हटलं, अगं, हे वीराचं आयुध आहे. म्हणाली, मग वीरानं नारळ सोलून द्यावा.

जप्त केली. धार लावणं जरूर. काथ्या चिकटला आहे.

६ सप्टेंबर. पहाटे (साडेसात).

कवायत सुरू. कॉलेजात एनसीसी केलं होतं. वरचं सर्टिफिकेट राहिलं ते बसच्या संपामुळे.

आजचा शोध: संगीन लावल्यावर रायफल आमच्या पॅसेजमध्ये सरळ जाते, वळत नाही. वळवली की टोक देवघरात आणि दस्ता बाथरूमच्या दारात. तुंगाबाई आत होती. बराच वेळ तिला बाहेर येता आलं नाही.

निष्कर्ष: शत्रूने समोरच्या दारानेच यायला हवं.

हानी: मेघाश्रीने, म्हणजे सूनबाईंनी दिलेला पडदा. पुढच्या वेळी विचारील तेव्हा वाळवीचं सांगायचं.

९ सप्टेंबर

कवायत नाही. गुडघा.

बेळगावला आत्याकडे शिकत होतो ते दिवस आठवत बसलो. कवितेचे मास्तर टेबलावर छडीने ताल धरायचे आणि वीररसाची कविता आली की सगळा वर्ग बाकांवर उभा राहायचा. मी डोळे मिटून म्हणायचो. त्यामुळे बाकीचे कधी खाली बसले ते मला कळायचं नाही. मास्तर म्हणायचे, गुंडो, लढाई संपली, बस.

आज त्याच चालीवर स्वतःच्या दोन ओळी झाल्या. भुजंगप्रयात, अगदी निर्दोष:

उभा दारि मी हातिं संगीन घेता
रिपू काय येईल या मार्गि आता

तिसरी ओळ येईना. तुंगाबाईला वाचून दाखवल्या. म्हणाली, रिपू येईल तेव्हा येईल, गॅसवाला येऊन गेला. तुम्ही दारात उभे होता ना? मग दार का नाही उघडलं?

वीररस बायकांना लवकर भिडत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

श्रीहर्षचा व्हिडिओ कॉल. मी रायफल घेऊन मागे उभा राहिलो, त्याला दिसेल अशा बेताने. त्याने पाहिलं नाही. तुंगाबाई संहितेशी बोलत होती. तिथल्या लिफ्टमध्ये बसायला स्टूल असतं का, खाली बागेत पायऱ्या किती, गरम पाणी नळालाच येतं का, सगळं खोदून खोदून विचारत होती. शत्रूपक्षाची माहिती काढावी ती हिनेच. फोन ठेवल्यावर तिला तसं म्हणालो. ती स्वतःच्या गुडघ्याला तेल लावायला गेली.

माझ्या बाजूने आहे, यात शंका नाही. बोलून दाखवत नाही इतकंच.

१८ सप्टेंबर

शेजारच्या हेमलताअक्का भिंतीवरून म्हणाल्या, रायरे (कन्नडात रावसाहेब), तुमची ती बंदूक स्वल्प देता का? त्यांच्या झाडाच्या शेंड्याला बटरफ्रूट, म्हणजे अवोकाडो, लागली आहेत, काठी पोचत नाही. मी सांगितलं, अक्का, हे घराच्या रक्षणाचं हत्यार आहे. त्या म्हणाल्या, सरी सरी, घर आहे तिथेच राहील, दहा मिनिटं.

स्वतः गेलो. लांब पल्ल्याचा सराव समजून. फळं उत्तम निघतात. एक डोक्यावर पडलं. अक्कांनी टोपली भरून दिली आणि तुंगाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, बघा, इतक्या वर्षांत रायरांचा पहिल्यांदा उपयोग झाला.

दोघी हसल्या. हसू देत.

२४ सप्टेंबर

नवरात्र. तुंगाबाईने दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या आहेत, पायऱ्या-पायऱ्यांवर, दरवर्षीसारख्या. संध्याकाळी बायका बघायला येतात, हरभऱ्याची उसळ खाऊन जातात. आज सात-आठ जणी होत्या. जनजागृतीची संधी साधली. संगीन कशी चढवायची, कशी उतरवायची, पाऊल कुठे. बायका लवकर उठल्या. एकीने उसळ बरोबर नेली.

तुंगाबाई म्हणाली, उद्यापासून साडेपाच ते आठ तुम्ही पार्कात बसायचं.

पार्क हीसुद्धा टेहळणीची चांगली जागा आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा. सकाळ.

वर्षात हा एक दिवस असा, की सारं बेंगळूर माझ्या मताचं असतं. रिक्षा, बस, स्कूटर, सगळ्यांना झेंडू. चौकाचौकात कोहळे फोडताहेत.

रायफल तेल लावून पुसली. संगीन चढवली. चौरंगावर आडवी मांडून गंध, फूल, लिंबू. तुंगाबाईने शेजारी विळी आणि इस्त्री ठेवली. वीररसात इस्त्री बसत नाही, पण सणाच्या दिवशी वाद नको. आमच्या घरचा नियम असा, की पूजेला मांडलेलं आयुध दशमीची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही. आजोबांनीही ही रायफल कधी नवमीला उचलली नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात.

त्याच दिवशी. दुपार. 

चोर आला. मागून आला. (समोरून येणं त्याचं कर्तव्य होतं.) भिंत चढून परसात उतरला आणि न्हाणीतला तांब्याचा हंडा उचलला. तुंगाबाई तिथे कपडे वाळत घालत होती. तिने हंड्याची दुसरी कडी धरली. एका कडीला तो, एका कडीला ही. ओरडली, अहो, या!

मी ताबडतोब निघालो. चौरंगापर्यंत पोचलोही. हात पुढे केला आणि फुलं दिसली. गंध अजून ओलं होतं. तेव्हा हॉलमधूनच तिला परिस्थिती समजावून सांगितली, की आज नवमी आहे, उद्या सकाळपर्यंत उचलता येणार नाही. तिने काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

भिंतीपलीकडे हेमलताअक्का गाडीपुढे फोडायला कोहळा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कळ्ळा, कळ्ळा (चोर, चोर) म्हणून आरडाओरडा केला आणि तो कोहळा भिंतीवरून त्याच्या पाठीत घातला. चोर हंडा टाकून पळाला. तुंगाबाई हंड्यासकट खाली बसली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. हंड्याला पोचा.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट: चोर हॉलमध्ये शिरला नाही. तिथे काय आहे, हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

संध्याकाळ. कोपराला हळद लावून दिली.  तुंगाबाई म्हणाली, मी हंड्याला लोंबकळत होते आणि तुम्ही पंचांग वाचत होता. पुढच्या नवमीला मलाही चौरंगावर मांडा, म्हणजे मला तरी कोणी हात लावणार नाही.

दमली आहे.

२ ऑक्टोबर. दसरा.

सकाळी पूजा. रायफल विधिपूर्वक उचलली. परसात एक फेरी. कोणी नाही.

श्रीहर्ष आणि मेघाश्री आले. श्रीहर्ष म्हणाला, झालं ना अण्णा, ठरलं होतं तसं. मी शांतपणे त्याचेच शब्द त्याच्यापुढे ठेवले: तू म्हणाला होतास चोरी झाली तर. चोरी झालेली नाही. हंडा घरात आहे, हवं तर बघून ये. तो जाऊन बघून आला. डोकं धरून बसला. मग म्हणाला, बरं अण्णा. राहा. घर विकत नाही.

विजय! बिनशर्त विजय! तिसरी ओळ आता आपोआप येईल असं वाटतं आहे.

तुंगाबाई आतून बॅग घेऊन बाहेर आली. म्हणाली, घर राहू दे, मी निघते. मी विचारलं, कुठे? म्हणाली, जिथे लिफ्ट आहे तिथे. म्हटलं, किती दिवस? म्हणाली, बघू. भात कुकरमध्ये आहे, दोन शिट्ट्या झाल्या आहेत, तिसरी तुम्ही घ्या.

चार दिवस जाऊन येईल. हवापालट.

५ ऑक्टोबर

घर अत्यंत सुरक्षित.

संगिनीने नारळ सोलायचा प्रयत्न केला. सुटत नाही. धार लावून मी तिचा तोल बिघडवला असावा. कोरडी चटणी खाल्ली.

८ ऑक्टोबर

हेमलताअक्कांनी भिंतीवरून डबा दिला. विचारलं, तुंगक्का कधी येणार? सांगितलं, चार दिवसांनी. म्हणाल्या, ते चार दिवस होऊन गेले की रायरे. सांगितलं, हे वेगळे चार.

दुपारी फोन केला. तुंगाबाई म्हणाली, इथे बायकांचं भजन असतं, मला पेटी वाजवायला बसवलं. ती पेटी वाजवते हे मी विसरलो होतो. जेवलात का, म्हणून विचारलं. परत येण्याचं ती बोलली नाही. मीही काढलं नाही. दोन्ही पक्ष ठाम आहेत.

११ ऑक्टोबर

कवायत केली. पॅसेजमध्ये आता रायफल वळवायला अडचण होत नाही. बाथरूममध्ये कोणी नसतं, त्याचं दार उघडंच ठेवतो.

आज कोणी आलं नाही. चोरही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्री झोपण्यापूर्वी.

विचारान्ती असं ठरलं, की व्हाइटफील्डच्या बंदोबस्ताची एकदा प्रत्यक्ष पाहणी व्हायला हवी. नुसत्या ऐकीव माहितीवर मत देणं बरं नव्हे. फक्त पाहणी. कपडे चार दिवसांचे घेतो. रायफल मेट्रोत नेऊ देणार नाहीत.

१३ ऑक्टोबर. व्हाइटफील्ड. गेटवर बसून लिहायला घेतलं.

पाहणीचा अहवाल. वॉचमनकडे शिट्टी आणि मोबाइल. संगीन नाही. त्याने हिंदीत विचारलं, कोणाकडे? फ्लॅटचा नंबर आठवेना. श्रीहर्षचं नाव सांगितलं. मोबाइलमध्ये बघून म्हणाला, गेस्ट, डिलिव्हरी की कामवाले? म्हटलं, यातलं काही नाही, बायकोकडे आलो आहे. त्याने बराच विचार करून 'इतर' दाबलं. वर कोणी फोन उचलेना. भला माणूस. स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टँकर आला म्हणून आत गेला. जाताना म्हणाला, अंकल, जरा बघा.

मोटार आली. हॉर्न दिला. आसपास कोणी नव्हतं. मी उठून गेटची आडवी दांडी वर केली. गाडी गेली. चालवणाऱ्याने मान वळवली नाही. दांडी खाली केली. आणखी एक आली. हे काम दिसतं तितकं सोपं नाही, वेळ साधावी लागते.

तिसऱ्या गाडीत मेघाश्री. मागे संहिता, आणि भाजीच्या पिशव्यांमध्ये तुंगाबाई. मी दांडी धरून उभा होतो. काच खाली झाली. तुंगाबाईने मला पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. 

म्हणाली, दांडी खाली करा आणि या वर.

केली.