कृपाची फाइल

६ जानेवारी २०२५, भिंगार
प्रथम तक्रार: चर्चच्या कचेरीतल्या खुर्चीचा पुढचा पाय आखूड आहे, त्यामुळे बसणारा दिवसभर टेबलाला नमस्कार करत राहतो. बाकी सारं मंगल. कृपाचं हे माहेर, म्हणून पहिल्याच दिवशी मी अख्ख्या मंडळीचा जावई. काम सोपं. चर्चच्या हयात सभासदांचे बाप्तिस्म्याचे दाखले पुण्याला पाठवायचे, माणशी एक फाइल. संगणकाच्या सी भाषेतल्या तयार लायब्ररीवर, म्हणजे आयत्या कोडच्या संचावर, छोटा प्रोग्राम बेतला. लायब्ररीला फाइल आणि पत्ता द्यायचा. पोचवून ती शून्य परत देते. शून्य म्हणजे काम फत्ते. लायब्ररी शून्यवादी असावी. मग पडद्यावर उमटतं: अमुक गेला, तमुक गेली. लिंगभेद कटाक्षानं पाळलाय. वीस वर्षं संस्कृत शिकवल्याची खोड.

८ जानेवारी
शिपाई प्रभुदास पडद्यावरचा प्रोग्राम पाहून म्हणाला, "जावईबापू, जित्या मानसाम्होरं 'गेली' लिवू नका. लई वंगाळ दिसतं." मी भूतकालवाचक कृदन्तावर व्याख्यान दिलं. त्यानं ते चहासारखं फुंकर मारून घेतलं.
पहिली फाइल पाठवली. 'एंजेला गेली.' अर्ध्या तासानं चर्चची मयताची घंटा वाजू लागली. एंजेलाबाई नव्वदीच्या होत्या, असं मी प्रभुदासला दोनदा सांगितलं.

९ जानेवारी
'नोहा गेला.' चाळिशीचा गडी. सकाळीच मला पेरू दिले होते. विहिरीवर मोटर चालू करताना शॉक बसला.
प्रोग्राममधला शब्द बदलला. आता 'पोचली' उमटेल.

१० जानेवारी
आज प्रोग्राम चालवलाच नाही. दुपारी पुण्याहून फोन आला, स्टेलाबाईंची फाइल मिळाली म्हणून. पडद्यावर पाहिलं— 'स्टेला गेली.' तो शब्द मी खोडला होता. त्यांच्या घरी धावलो. दारात चपला फार होत्या.

११ जानेवारी
प्रोग्राम पुसला. संगणकाची वायर उपटली. प्रभुदासनं फाइलींची यादी वाचली, मग हळूच म्हणाला, "म्होरलं नाव आपल्या कृपाताईचं हाय."
दाखला तिनंच हौसेनं काढून दिला होता.
पडद्यावर तिची फाइल निघालीय: ४० टक्के.

दुपारी
वायर माझ्या हातात आहे. ७१.
प्रभुदास तिला शोधायला बाजारात पळाला. मी बटणं दाबतोय— काही थांबत नाही— तिचा फोन नुसता वाजतोय—
८८.
व्याकरण, विनोद, सगळी सोंगं. कृपाशिवाय मला राहता येणार नाही. एवढीच भीती आहे.
९६. चर्चच्या पाळकबाई दारातून विचारतात, कृपा कुठंय? सांगता येत नाही. ती भाजी आणायला— ती भाजी आणायला—