दुसरी तोफ

५ सप्टेंबर १९४२, पोल्यार्नी बंदर, उत्तर रशिया

उद्या सुटतोय. अख्ख्या पाणबुडीत स्वयंपाकी मी एकटा, पण बटाट्याच्या पोत्याला कुणी हात लावेल तर शपथ!

आमचे सहायक कप्तान रोदिओन मात्वेविच धक्क्यावर क्लाव्दियाशी गप्पा छाटत उभे. बंदरावरची डुकरं तीच सांभाळते. इथली रीतच आहे — बुडवलेल्या जहाजामागे एक तोफ उडवायची, तीही परतताना खाडीत शिरल्यावर. आणि तोफेमागे डुकराचं एक भाजलेलं पिल्लू. आमची मजल आजवर एकाच्या पुढे गेलेली नाही.

"या खेपेला दोन ऐकवतो," ते म्हणाले. "मग लग्नाला उभी राहशील?"

"आधी ऐकव तर खरं! दुसरी वाजली की नवा रुमाल बांधून इथंच हजर. शब्द माझा!"

मग मला दम — "बल्लवा, कुठं बोललास तर बघ!" मी कशाला बोलतोय?

९ सप्टेंबर

एक बुडवलं! मालवाहू, चांगलं लठ्ठ! रोदिओन मात्वेविच हळूच माझ्या चुलीपाशी आले — "अर्धं लग्न झालं बघ!" हसता हसता सूप उतू गेलं.

११ सप्टेंबर

सूप खारट झालं. शिव्या खाल्ल्या. दुसरं जहाज काही दिसेना, नवरदेव घुश्श्यात.

१२ सप्टेंबर



सकाळी पाण्यातल्या सुरुंगाची तार मागच्या सुकाणूत अडकली. कसेबसे वर आलो, पण परत बुडी मारता येईना. रोदिओन मात्वेविच करवत-हातोडा घेऊन बाहेर, पाणबुडीच्या पाठीवर निघाले. "तार तुटली की तीन ठोके मारीन. ऐकलेत की बुडी मारायची, माझी वाट बघायची नाही. अरे, तोंडं काय पाडता? बल्लवा, माझं सूप झाकून ठेव!"

तेवढ्यात जर्मन विमान दिसलं. कप्तान ओरडले, "रोद्या, आत ये!" रोदिओन मात्वेविच आले नाहीत. तार तशीच राहिली असती तर आम्ही सगळेच मेलो असतो. करवत चालूच. मग तीन ठोके — दणदणीत! झाकण बंद, आम्ही खाली.

विमान गेल्यावर वर येऊन खूप शोधलं. काही नाही. त्या पाण्यात बोट बुडवलं तरी बधिर होतं.

सूप झाकलेलंच आहे. मला ते ओतवत नाही.

१५ सप्टेंबर

खाडीत शिरलो. जहाजाची तोफ झाली. मग कप्तान म्हणाले, "आणि एक आमच्या रोद्यासाठी." त्या बिचाऱ्यांना काय माहीत! मी खालून ओरडत शिडी चढलो, तोवर दुसरी वाजली.

धक्क्यावर क्लाव्दिया उभी होती. नवा रुमाल बांधून.