टोपीवालीचे अकरा दिवस

प्रिय भिंगू,

हे नाव वाचून तू क्षणभर थबकशील. सातवीत कायम डोळ्याला भिंग लावून बसायचीस म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. आता तुझ्या ऑफिसच्या दारावर तुझी मोठी पाटी आहे, हे मला ठाऊक आहे. आधी मी ‘महोदया’ अशी सुरुवात करून पाहिली. दोनदा. मलाच हसू आलं आणि कागद चुरगळून टाकला.

इकडचं सगळं जागच्या जागी आहे. शाळेला विजेची घंटा बसली, तरी शिपाईमामा तास संपायच्या वेळी सवयीनं बाहेर येऊन उभे राहतात. माझे गुडघे कुरकुरतात, पण सातवीची सहल मी यंदाही नेली. पाण्याच्या टाकीमागच्या त्याच माळावर. जोडीजोडीनं, चालत, डबे नि दोऱ्यांची भेंडोळी घेऊन. अजूनही माळाच्या कडेला थांबून मी तेच बजावते, ‘हात मागे, डोळे पुढे.’ मग पोरं दोरीचे चौकोन आखतात आणि पालथी पडून एकेक पान निरखतात. एखादा हमखास मुंग्यांवर झोपतो आणि बोंब मारतो.

तुझी सहल मला लख्ख आठवते. तुमच्या तुकडीला टोपीवालीची एक्केचाळीस फुलं सापडली होती. करंगळीएवढं पांढरं फूल, डोक्यावर हिरवी टोपी घातल्यासारखं. हे नाव पोरांनीच दिलेलं. वर्षातून अकरा दिवस ते जमिनीवर येतं, एरवी नुसता कंद, मातीखाली. गटातला एक जण म्हणाला, पन्नास लिहू, छान दिसतं. तू वही छातीशी धरलीस नि ओरडलीस, ‘बाई, एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस!’ त्या दिवशी घरी येऊन मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, माझी नोकरी वसूल झाली. ते बरीच वर्षं तेवढ्यावरून माझी थट्टा करायचे.

माळावर गोदामं होणार, हे कळलं तेव्हा गाव खवळलं होतं. शिपाईमामांनी दारोदार फिरून दोनशेबारा सह्या गोळा केल्या. नेमकी त्याच आठवड्यात तू घरी आलीस. किती वर्षांनी! चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरलीस, ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘बाई, माळाच्या पाहणीचं काम माझ्याकडे आलंय. आता काळजी सोडा.’ माझा आनंद पोटात मावेना. चहा उतू गेला तो तूच पुसलास. मग तू विचारलंस, ‘टोपीवाली नक्की कधी वर येते हो? मला तारखा हव्यात.’ मी कपाटावरची नोंदवही काढली. सतरा वर्षांची पहिल्या फुलाची तारीख, पोरांच्या वेड्यावाकड्या अक्षरात. तू पान न् पान फोनमध्ये टिपून घेतलंस. सगळ्यांत लवकरची तारीख सव्वीस, हे तर मीच बोट ठेवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल, सांग. सह्यांचा तो गठ्ठा मामांच्या हातातून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवला. म्हटलं, कशाला उगाच भांडण? आपलीच मुलगी पाहणी करतेय. ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी तेच सांगितलं, अगदी ताठ मानेनं. हरकती द्यायची मुदत निघून गेली. कुणी कुरकुर केली नाही, कारण माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा होता आणि माझा तुझ्यावर.

अहवाल नगरपालिकेच्या फलकावर लागला तेव्हा मी भाजीची पिशवी हातात घेऊनच वाचला. ‘वीस ते तेवीस तारखेदरम्यान चार दिवस पायी पाहणी केली. संरक्षण द्यावे अशी कोणतीही वनस्पती आढळली नाही.’ खाली तुझी सही, अजून तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. मला वाटलं, कुणीतरी तुझ्या नावावर खपवलंय. खरंच वाटलं. तिथल्या बाकावर बसूनच तुला फोन केला. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘बाई, अहवालात एक शब्दही खोटा नाही.’

नाहीच. तेच तर मला गिळवत नाही, भिंगू. अडाण्यानं केलं असतं तर मी त्याला समजावलं असतं. पैसे खाऊन कुणी परक्यानं खोटं लिहिलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण तू माझ्याकडून तारीख घेतलीस ती फूल शोधायला नव्हे, चुकवायला. सतरा वर्षं माझी पोरं उन्हात पालथी पडून जे लिहीत आली, त्याचा उपयोग तू काहीच दिसू नये म्हणून केलास. आणि त्यासाठी माझ्या ओट्याशी उभी राहून माझा चहा प्यायलीस.

यंदा पहिलं फूल सत्तावीसला आलं. एकोणतीसला आम्ही गेलो तेव्हा मोजणी त्रेसष्ट झाली, आजवरची सगळ्यांत जास्त. पोरं नाचत होती. दोन वेण्यांची एक पोरगी माझ्याजवळ आली. तिच्या वडिलांनी फलकावरचा अहवाल तिला वाचून दाखवला होता. म्हणाली, ‘बाई, मग त्या मॅडमना का नाही दिसली?’ मी पाण्याची बाटली शोधायचं निमित्त केलं. मामा जवळच उभे होते. ते मला अजूनही काही बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तुझी काही अडचण असेल, असंही मनात येतं. नोकरी असेल, वरच्यांचा दबाव असेल, घराचं काही असेल. तू सांगशील म्हणून मी बराच वेळ फोन कानाला लावून बसले होते. तू फक्त ‘ठेवू का?’ म्हणालीस.

आता हे पत्र का, ते सांगते. बुधवारी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात शेवटची सुनावणी आहे. लेखी हरकत आता घेत नाहीत, पण उभं राहून बोलता येतं. मी नाव नोंदवलंय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पाहणीत चूक झाली एवढंच बोला, मुलीचं आयुष्य पडलंय पुढे. दोन दिवस मीही तसंच ठरवत होते. पण ती चूक नव्हती, आणि चूक म्हणाले तर मीही तुझ्यासारखीच शब्द तोलून बोलेन. म्हणून मी सगळं सांगणार आहे: तारीख तुला माहीत होती, ती मीच दिली आणि सह्या मीच अडवल्या. त्यात तुझा पाहणीचा परवाना जाईल कदाचित. माझीही अब्रू जाईल, निवृत्तीला सात महिने उरले असताना. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं. तू माझ्या पाठीमागे केलंस. मी तुझ्या पाठीमागे करणार नाही. बोलणाऱ्यांत माझा नंबर चौथा आहे. त्याआधी तू स्वतः हे सांगायला उभी राहिलीस, तर मी माझं नाव मागे घेईन आणि गप्प बसून ऐकेन. नाही आलीस, तर मी बोलेन.

अजून तरी तुझीच,
बाई